थांब्याचा क्रमांक आधी, सॉफ्टवेअर नंतर

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रदेशात चार बससंस्था आहेत, एक ट्रामसेवा आहे आणि जोडीला उपनगरी रेल्वे. प्रत्येकीची संगणक यंत्रणा वेगळ्या काळात, वेगळ्या पुरवठादाराकडून घेतलेली. आता सगळ्यांनी मिळून सार्वजनिक वाहतुकीसाठी समान आयटी मानकं ठरवावीत असा निर्णय झालाय आणि विचारणाऱ्यांवर त्याचा आराखडा करायची जबाबदारी आली आहे. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: सुरुवात कुठून करायची, स्वतःचं मानक लिहायचं की तयार असलेलं घ्यायचं, आणि ज्या छोट्या संस्थांकडे आयटी विभागच नाही त्यांचं काय करायचं.

मी वीस वर्षांहून अधिक काळ याच कामात आहे. आधी गाड्यांमध्ये यंत्रं बसवायचो, मग नियंत्रण कक्षाच्या सॉफ्टवेअरवर होतो आणि अलीकडे परिवहन संस्थांच्या वतीने निविदांमधल्या तांत्रिक अटी लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन मानक लिहायला बसू नका. चांगली मानकं तयार आहेत, त्यांतली निवडा आणि आपली ताकद दोन ठिकाणी लावा. एक, सगळ्या संस्थांनी एकाच वस्तूला एकच नाव आणि एकच क्रमांक देणं. दोन, ते करारात अशा शब्दांत बसवणं की पुरवठादाराला पळवाट राहणार नाही.

या खटाटोपाची गरज का आहे हे सादरीकरणांत कळत नाही, गाडीत चढल्यावर कळतं. एका आगारात मी एका बसचं चालकाच्या डोक्यावरचं झाकण उघडून बघितलं होतं. आत तिकीट यंत्राचा संच, गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र, थांब्यांची घोषणा करणारी पेटी, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि इंजिनाची माहिती पाठवणारा आणखी एक डबा. पाच पुरवठादार, पाच वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. छतावर चार जीपीएस अँटेना, आत चार सिमकार्डं, म्हणजे महिन्याला चार बिलं. चालकाला ड्यूटी सुरू करताना तीन ठिकाणी लॉगिन करून तीनदा मार्ग क्रमांक टाकावा लागे. एका ठिकाणी बोट चुकलं की समोरच्या पाटीवर एक गाव आणि आतल्या घोषणेत दुसरंच. शेवटी तिथल्या चालकांनी घोषणेची पेटी बंद ठेवायला सुरुवात केली होती. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकीच्या घोषणेने प्रवासी भलत्या थांब्यावर उतरत होते. पण ज्या प्रवाशाला दिसत नाही, त्याचा एकमेव आधार त्या दिवसापासून गेला.

पाच यंत्रं एकमेकांशी बोलत नव्हती, एवढंच कारण होतं. आणि ही अडचण नवी नाही. जर्मनीतल्या वाहतूक संस्थांच्या संघटनेने, म्हणजे आजच्या व्हीडीव्हीच्या पूर्वसुरीने, १९८०च्या दशकात याच कारणासाठी आयबिस नावाची गाडीतली तारजोडणी ठरवली. एक मुख्य यंत्र, बाकी सगळी त्याचं ऐकणारी, आणि वेग सेकंदाला फक्त १२०० बिट. मार्ग क्रमांक अमुक, गंतव्याचा संकेतांक तमुक, असे इवलेसे संदेश. आजच्या मानाने ते काहीच नाही, पण कित्येक दशकं ते टिकलं, कारण कुणाही पुरवठादाराला ते थोड्या दिवसांत जमवता येत होतं आणि पाटी एकाची, यंत्र दुसऱ्याचं असलं तरी चालत होतं. लहान, अपुरं, पण सगळे पाळतात असं मानक हे मोठ्या, परिपूर्ण आणि कपाटात पडलेल्या मानकापेक्षा प्रवाशाच्या जास्त कामाचं असतं, हे मी त्या तारांकडूनच शिकलो.

आज गाडीतल्या जोडणीसाठी मी डोळे झाकून आयटीएक्सपीटी या संस्थेची मानकं सुचवतो. यूआयटीपी या सार्वजनिक वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समन्वयाने २००८ ते २०१२ या काळात युरोपात भावी बसवर एक मोठा संशोधन प्रकल्प झाला, त्याच्या कामातून ही संस्था उभी राहिली. कल्पना सोपी आहे. गाडीत एकच इथरनेटचं जाळं. एकच उपग्रह रिसीव्हर, जो गाडीचं स्थान सगळ्यांसाठी जाहीर करतो. एकच घड्याळ. एकच प्रवेशद्वार, जे इंजिनाची माहिती जाळ्यावर आणून देतं. नवीन यंत्र जोडलं की ते स्वतःच 'मी अमुक, माझ्याकडे ही सेवा आहे' असं जाळ्यावर सांगतं. कार्यालयातला प्रिंटर लॅपटॉपला आपोआप सापडतो, तीच पद्धत. वरच्या उदाहरणातल्या बसमध्ये हे असतं तर चार अँटेनांच्या जागी एक आली असती आणि चालकाने मार्ग एकदाच टाकला असता. जुन्या गाड्यांत हे बसवायच्या भरीस मात्र पडू नका. वायरिंग उचकटण्याचा खर्च आणि गाडी उभी राहण्याचे दिवस दोन्ही परवडत नाहीत. नव्या खरेदीत अट घाला आणि जुन्या गाड्या निघेपर्यंत दोन्ही प्रकार सांभाळायची तयारी ठेवा.

पण गाडीतली जोडणी हा तुलनेने सोपा भाग आहे. खरी गाठ शब्दांच्या अर्थापाशी आहे.

एका बैठकीत आम्ही संस्थांचे रोजच्या फेऱ्यांचे आकडे जुळवत होतो. गाड्या जवळपास सारख्या, चालक सारखे, आणि एका संस्थेच्या फेऱ्या दुसरीच्या दुप्पट. तासभर हिशेब तपासले, एकमेकांच्या आकड्यांवर शंका घेतली, आवाज चढले. मग वाहतूक निरीक्षक म्हणून निवृत्तीला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, 'तुम्ही फेरी कशाला म्हणता?' एका संस्थेत जाऊन-येऊन मिळून एक फेरी, दुसरीत जाण्याची एक आणि येण्याची एक. तिसऱ्या संस्थेत तर आगारातून पहिल्या थांब्यापर्यंतची रिकामी धावसुद्धा फेरीत मोजत होते. तिघांचं सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर होतं. माहितीची देवाणघेवाण कुठल्याही स्वरूपात केली असती, तरी ती चुकीचीच झाली असती.

यावर जगात सर्वांत खोल विचार झाला आहे तो ट्रान्समॉडेलमध्ये. हे युरोपीय मानक आहे, क्रमांक ईएन १२८९६. त्यात फाइलचं स्वरूप नाही. ते एक शब्दकोश आणि नात्यांचा नकाशा आहे. आपण बोलताना '७ नंबरची बस' म्हणतो तेव्हा किती वेगळ्या गोष्टी एकत्र करतो, ते तो वाचल्यावर कळतं. प्रवाशाला माहीत असलेली '७ नंबर' ही लाइन. ती रस्त्यावरून ज्या वाटेने जाते तो रूट. ती ज्या थांब्यांवर ज्या क्रमाने थांबते तो जर्नी पॅटर्न. अर्ध्या वाटेतून परतणाऱ्या गाडीचा पॅटर्न वेगळा. सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी सुटणारी नेमकी खेप ही व्हेइकल जर्नी. आणि एका गाडीने आगारातून निघून आगारात परतेपर्यंत केलेल्या सगळ्या खेपांची साखळी म्हणजे ब्लॉक. हे पाच शब्द सगळ्या संस्थांच्या वेळापत्रक विभागांनी एकाच अर्थाने वापरायला सुरुवात केली, तर निम्मं काम झालं असं मी समजतो.

तेव्हा पहिली कृती हीच. ट्रान्समॉडेल समोर ठेवून तीस-चाळीस शब्दांचा स्वतःचा कोश करा. त्या खोलीत सॉफ्टवेअरवाले कमी आणि वेळापत्रक करणारे, आगारात ड्यूट्या लावणारे, नियंत्रण कक्षात बसणारे जास्त असू द्या. प्रत्येक शब्दापुढे दोन ओळींची व्याख्या आणि प्रत्येक संस्थेचं एक खरं उदाहरण. व्याख्येवर सगळे मान डोलावतात. उदाहरण लिहायला घेतलं की मतभेद बाहेर येतात.

अर्थाच्या या गोंधळात वेळ हा विषय वेगळा काढून सांगतो, कारण तो हमखास चुकतो. वाहतुकीचा दिवस मध्यरात्री संपत नाही. शुक्रवारच्या वेळापत्रकातली रात्री १२ वाजून २० मिनिटांची शेवटची गाडी घड्याळाप्रमाणे शनिवारी सुटते. जीटीएफएसमध्ये, म्हणजे वेळापत्रक ॲपपर्यंत पोहोचवण्याच्या जगभर चालणाऱ्या फाइल-स्वरूपात, ती २४:२० अशी लिहितात, दीड वाजताची २५:३०, म्हणजे सेवेचा दिवस शुक्रवारच राहतो. आमच्या एका जोडणीत एक संस्था २४:२० लिहीत होती आणि दुसरी शुक्रवार, ००:२०. ही गाडी फक्त शुक्रवारी रात्री धावणारी. परिणाम असा झाला की गुरुवारी रात्री लोक नसलेल्या गाडीची वाट पाहत उभे राहिले आणि शुक्रवारी रात्री, गाडी खरोखर येणार असताना, ॲप सांगत होतं की सेवा संपली. रात्रपाळीहून घरी जाणाऱ्या माणसांशी आम्ही हे केलं. तेव्हापासून कुठल्याही चाचणीत मी सर्वांत आधी मध्यरात्र ओलांडणारी फेरी मागतो. ज्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात तिथे आणखी एक पेच असतो. म्हणून जीटीएफएस वेळ मोजते ती त्या दिवसाच्या दुपारच्या बाराच्या बरोबर बारा तास आधीपासून. पहिल्यांदा वाचताना हा नियम विचित्र वाटतो, पण ज्याने ठरवला त्याने पूर्ण विचार केलेला होता.

आता थांबे. मला विचाराल तर समान मानकांचा सगळा पाया एकाच यादीत आहे: प्रदेशातल्या प्रत्येक थांब्याचा एकमेव, कायमचा क्रमांक. ब्रिटनमध्ये नॅप्टॅन नावाची अशी राष्ट्रीय यादी आहे, नॉर्वेत एन्टुर ही संस्था राष्ट्रीय थांबा-नोंदवही सांभाळते. ही यादी नसेल तर पुढची प्रत्येक यंत्रणा आपापली यादी करते, आणि रेल्वे स्थानकाबाहेरचा एकच थांबा पाच नावांनी, पाच जागी नकाशावर उमटतो. मग प्रवासनियोजक ॲप रेल्वेतून उतरलेल्या माणसाला समोरची बस सुचवत नाही, कारण त्याच्या लेखी ती बस तिथे येतच नाही.

क्रमांक देताना काही गोष्टी मी हट्टाने पाळायला लावतो. क्रमांकात अर्थ भरू नका. प्रभाग, मार्ग, संस्था यांची अक्षरं त्यात घातली की प्रभागांची फेररचना होते किंवा मार्ग दुसऱ्या संस्थेकडे जातो आणि क्रमांक खोटा पडतो. बंद झालेल्या थांब्याचा क्रमांक पुन्हा कधीही वापरू नका. रस्त्याच्या दोन बाजूंचे थांबे म्हणजे दोन वेगळे क्रमांक, आणि दोघांना एकत्र बांधणारा वरचा तिसरा. मोठ्या स्थानकात प्रत्येक फलाटाला स्वतंत्र क्रमांक. थांबा वीस मीटर सरकला तर क्रमांक तोच, चौकाच्या पलीकडे गेला तर नवा. ही सीमारेषा आधीच कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दर वेळी वाद होतो.

आणि ही यादी कार्यालयात बसून होत नाही. आम्ही एका मार्गाचे थांबे नकाशावरून नोंदले आणि नंतर चालत जाऊन तपासले, तर काही थांबे रस्त्याच्या चुकीच्या बाजूला निघाले. संगणकाच्या पडद्यावर तो दहा-बारा मीटरचा फरक. पण त्यामुळे ॲप प्रवाशाला उलट दिशेच्या गाडीपाशी नेऊन उभं करत होतं. माणूस पाठवा, खांबापाशी उभं राहून नोंद घ्यायला सांगा, फोटो काढायला सांगा, आणि तिथवर गेलाच आहे तर चाकाची खुर्ची चढवता येते का, छप्पर आहे का, दिवा आहे का, हेही लिहून आणू द्या.

या चाकाच्या खुर्चीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. जीटीएफएसमध्ये थांब्यापुढे याची नोंद करायला तीन आकडे आहेत: १ म्हणजे चढता येतं, २ म्हणजे चढता येत नाही, ० म्हणजे माहिती नाही. कित्येक संस्था तपासणीच न करता सगळीकडे २ टाकून मोकळ्या होतात, किंवा त्याहून वाईट, सगळीकडे १. 'नाही' आणि 'माहिती नाही' यांतला फरक जपणं हे चांगल्या मानकाचं लक्षण आहे, आणि तो भरताना जपणं ही आपली जबाबदारी. चुकीच्या १वर विश्वास ठेवून कुणीतरी घराबाहेर पडतं आणि पायऱ्यांसमोर अडकतं.

स्वरूप कुठलं निवडायचं, हा दुसरा प्रश्न. इथे दोन घराणी आहेत. जीटीएफएसचा जन्म अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये झाला. ट्रायमेट या तिथल्या संस्थेच्या बिबियाना मॅकह्यू यांना प्रश्न पडला होता की कारने जायचा रस्ता इंटरनेटवर इतका सहज सापडतो, मग बसने जायचा का नाही. त्यांनी गूगलकडे विचारणा केली, आपलं वेळापत्रक दिलं आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये गूगल ट्रान्झिट पोर्टलंडपासून सुरू झालं. स्वरूप म्हणजे काय, तर स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या काही फायली, एका झिपमध्ये. वेळापत्रक विभागातला कुणीही त्या उघडून वाचू शकतो, स्प्रेडशीटमध्ये दुरुस्त करू शकतो. सुरुवातीला नावातला जी गूगलचा होता, पुढे तो 'जनरल'चा झाला. जगभर पसरायला हा साधेपणाच कारणीभूत आहे.

दुसरं घराणं युरोपचं: ट्रान्समॉडेलवर उभं असलेलं नेटेक्स वेळापत्रक, थांबे आणि भाड्यांसाठी, आणि सिरी प्रत्यक्ष वेळेच्या माहितीसाठी. युरोपीय संघाच्या २०१७ सालच्या १९२६ क्रमांकाच्या नियमाने सदस्य देशांना प्रवासाची माहिती राष्ट्रीय प्रवेशबिंदूवर, म्हणजे देशभरची अशी माहिती जिथून एकत्र मिळते त्या ठिकाणी, याच स्वरूपांत उपलब्ध करायला सांगितली. नेटेक्समध्ये जवळजवळ सगळं सांगता येतं, आणि तीच त्याची अडचण आहे. एकच गोष्ट चार प्रकारे लिहिता येते, म्हणून दोन संस्था नेटेक्सच वापरूनही एकमेकींची फाइल वाचू शकत नाहीत. यावर उपाय म्हणजे प्रोफाइल: या मोठ्या मानकातलं आम्ही एवढंच वापरणार आणि असंच लिहिणार, हे सांगणारा पातळसा दस्तऐवज. नॉर्डिक देशांनी तसा केला. इंग्लंडमध्येही हेच घडलं. तिथे बस वेळापत्रकांसाठी ट्रान्सएक्सचेंज हे स्वरूप वर्षानुवर्षं होतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ते आपल्या पद्धतीने लिहायचं. सगळ्यांची माहिती एका ठिकाणी खुली करायची वेळ आली तेव्हा नेमकं प्रोफाइल ठरवावं लागलं.

तुमच्या परिस्थितीत मी असं करेन: प्रवाशांसाठी बाहेर जाणारी माहिती जीटीएफएसमध्ये, पहिल्याच वर्षी. संस्थांच्या आतली नावं आणि कोश ट्रान्समॉडेलप्रमाणे. नेटेक्सकडे तेव्हाच वळा, जेव्हा जीटीएफएसमध्ये न मावणारी गोष्ट, म्हणजे गाड्यांच्या साखळ्या किंवा स्थानकातल्या उपकरणांचा तपशील, खरोखर एका संस्थेकडून दुसरीला पाठवायची गरज पडेल. ज्याचा वापर करणारा समोर दिसत नाही, ते प्रमाणित करू नका. हे सांगितल्यावर सल्लागार नाराज होतात, पण मी यावर ठाम आहे.

प्रत्यक्ष वेळेच्या माहितीत एकच जागा सांभाळा. ताजी माहिती 'ही अमुक खेप चार मिनिटं उशिरा आहे' असं सांगते, तेव्हा त्या खेपेचा क्रमांक वेळापत्रकातल्या क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. मी पाहिलेल्या एका यंत्रणेत वेळापत्रक रोज रात्री नव्याने तयार व्हायचं आणि प्रत्येक खेपेला नवा क्रमांक मिळायचा. नियंत्रण कक्ष मात्र आदल्या आठवड्याची प्रत वापरत होता. काहीच जुळत नव्हतं. त्रुटीचा संदेश कुठे येत नव्हता, पडदे सुरळीत चालू दिसत होते. फक्त थांब्यावरच्या फलकावर छापील वेळ ताजी म्हणून दिसत होती. किती टक्के खेपा जुळल्या हा आकडा रोज सकाळी कुणाच्या तरी टेबलावर आला पाहिजे. आणि फलकावर छापील वेळ कुठली, ताजी कुठली, हे प्रवाशाला वेगळं दिसलं पाहिजे.

तिकिटांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण माझा सल्ला आहे की सुरुवात तिथून करू नका. नेत्यांना एक कार्ड सगळीकडे चालावं असं वाटतं, ते साहजिक आहे. पण कार्ड आणि यंत्र यांच्यातल्या रेडिओ संभाषणाचं मानक, आयएसओ १४४४३, हा फक्त तळमजला आहे. वर कार्डातली माहिती कशी मांडायची, ती वाचू-लिहू देणाऱ्या गुप्त किल्ल्या, म्हणजे संकेतांक, कुणाकडे राहणार, गोळा झालेले पैसे संस्थांमध्ये कसे वाटायचे, हे सगळे मजले बांधायचे असतात, आणि वाटपाचा मजला आयटीचा नसतोच. जपानमध्ये सुइका हे रेल्वेचं कार्ड २००१ मध्ये आलं. देशातली दहा प्रमुख कार्डं एकमेकांच्या हद्दीत चालायला २०१३ उजाडलं, आणि त्या सगळ्यांचं तंत्र तर एकच होतं. लंडनने दुसरी वाट घेतली: बँकेचं कार्ड थेट टेकवायचं, भाड्याचा हिशेब मागच्या संगणकात. बसमध्ये ते २०१२ च्या डिसेंबरमध्ये आलं, भुयारी रेल्वेत २०१४ च्या सप्टेंबरमध्ये. नव्याने सुरू करणाऱ्याला मी हीच दिशा दाखवतो, बँकखातं नसलेल्यांसाठी वेगळी सोय ठेवून. आणि कुठल्याही परिस्थितीत किल्ल्या पुरवठादाराच्या ताब्यात ठेवू नका. एका संस्थेला करार संपताना कळलं की कार्डांच्या किल्ल्या आपल्याकडे नाहीतच. लाखो कार्डं बदलण्यापेक्षा त्यांनी मुदतवाढ दिली, पुरवठादार म्हणेल त्या दराने.

यावरून करारावर येतो, कारण मानकं जगतात किंवा मरतात ती तिथेच. निविदेत 'यंत्रणा खुल्या मानकांशी सुसंगत असावी' असं वाक्य असतं. त्याचा उपयोग शून्य. कुठलं मानक, कुठली आवृत्ती, कुठलं प्रोफाइल, गाडीतली की कार्यालयातली जोडणी, माहिती किती सेकंदांनी ताजी व्हायला हवी, आणि हे कुणी कसं तपासायचं, इतकं लिहिलं तरच ते बंधनकारक ठरतं. तपासणी पास होईपर्यंत कुठला हप्ता अडेल तेही लिहा. माहितीची मालकी संस्थेची, करार संपल्यावर ती पूर्ण आणि वाचता येईल अशा स्वरूपात मिळेल, दुसऱ्या पुरवठादाराला जोडणीसाठी वेगळं शुल्क पडणार नाही, ही तीन वाक्यं वकिलाकडून घासूनपुसून घ्या.

प्रमाणपत्रावर विसंबू नका, टेबलावर तपासा. आमच्याकडे एका खोलीत लांब टेबल होतं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं, एक पाटी, एक तिकीट यंत्र, सगळं एका नेटवर्क स्विचला जोडलेलं. बसमध्ये जायच्या आधी प्रत्येक यंत्राला त्या टेबलावर दोन आठवडे काढावे लागत. तिथे एकदा दोन कंपन्यांची यंत्रं समोरासमोर आली. दोघांकडे कागदपत्रं चोख. पण एक वेळ पाठवत होतं जागतिक प्रमाणवेळेत, दुसरं स्थानिक वेळेत, आणि दोन्ही संदेशांत ती कुठली वेळ आहे हे लिहिलेलंच नव्हतं. मानकात ती खूण ऐच्छिक होती, त्यामुळे नियम कुणीच मोडला नव्हता. फलकावर मात्र प्रत्येक गाडी तासन्‌तास उशिरा. आमच्या प्रोफाइलमध्ये त्याच संध्याकाळी एक ओळ वाढली: वेळेसोबत कालविभागाची (टाइम झोनची) खूण सक्तीची. अशा ओळींनीच चांगलं प्रोफाइल भरत जातं. जीटीएफएसच्या फायली तपासायला तर मोबिलिटीडेटा या संस्थेचं मोफत तपासणी-साधन, व्हॅलिडेटर, आहे. ते न चालवता फाइल बाहेर जाऊ देऊ नका.

मानकाचा सांभाळ कुणी करायचा? नुसती समिती नको, दोन-तीन पगारी माणसं हवीत, ज्यांचं हेच काम असेल. थांब्यांच्या नोंदवहीत बदल मंजूर करणं, प्रोफाइलच्या आवृत्त्या काढणं, टेबल चालू ठेवणं, फोन उचलणं. ही माणसं कुठल्याही एका मोठ्या संस्थेच्या पगारावर नसावीत, नाहीतर बाकीच्या संस्था त्याला मोठीचं मानक म्हणतात आणि मनातून पाळत नाहीत. बदलाचा नियम जीटीएफएसकडून उचला: नवीन गोष्ट अधिकृत होण्याआधी माहिती देणाऱ्या किमान एकाने आणि वापरणाऱ्या किमान एकाने ती प्रत्यक्ष चालवून दाखवायची. या एका अटीने निम्म्या हौशी सूचना आपोआप गळतात आणि जुन्या फायली वाचता येत राहतील याची काळजीही सगळे घेतात.

राहता राहिल्या छोट्या संस्था. पंधरा-वीस गाड्या, वेळापत्रक एका स्प्रेडशीटमध्ये किंवा भिंतीवरच्या कागदावर, आणि ते सांभाळणारे एक वाहतूक व्यवस्थापक ज्यांच्याकडे बाकीचीही दहा कामं. त्यांना दोनशे पानांचं मानक पाठवू नका. त्यांना एक तयार साधन द्या, जिथे थांबे प्रादेशिक यादीतून निवडायचे, वेळा भरायच्या आणि बटण दाबलं की बरोबर जीटीएफएस तयार. त्याचा खर्च प्रदेशाच्या निधीतून. पहिल्या वेळी तुमच्यातल्या कुणीतरी तिथे दोन दिवस बसून, त्यांच्यासोबत, त्यांचीच माहिती भरायची. अशाच एका कार्यालयात आम्ही भिंतीवरच्या कागदावरून वेळा भरत होतो, तेव्हा व्यवस्थापकांनी स्वतःच्या मोबाइलवर आपल्या गावाहून स्थानकापर्यंतचा प्रवास शोधला आणि आपली गाडी तिथे पाहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोहोचायच्या आत उरलेले चार मार्ग त्यांनी एकट्याने भरून ठेवले होते.